लपवलेला रेडिओ कसा सापडतो: ऑसिलेटरच्या गळतीचा माग

रेडिओवर बोलणारा पकडला जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुरगाव बंदरात अडकून पडलेल्या एरेनफेल्स या जर्मन जहाजावरून पाणबुड्यांना गुपचूप संदेश जातात, या संशयावरून ब्रिटिशांनी मार्च १९४३ मध्ये कलकत्ता लाइट हॉर्सच्या हौशी घोडेस्वारांकरवी त्यावर छापा घातला. नोव्हेंबर १९५५ पासून डिसेंबर १९६१ पर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी पोर्तुगीज सत्तेविरुद्धचं गुप्त केंद्र चालवलं, तेही गोव्याच्या हद्दीबाहेर, आंबोली आणि कॅसलरॉकच्या रानातून. ट्रान्समीटर सुरू केला की तो मुद्दाम लांबवर ऐकू जाईल असाच बनवलेला असतो. दिशा घेणारे दोन-तीन अँटेना असले की त्याचं ठिकाण निघतं.

पण नुसतं ऐकणाऱ्याचं काय? खोलीचं दार लावून, आवाज बारीक करून, कानाला इअरफोन लावून ऐकलं तर कुणाला कळणार, असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक रेडिओ ऐकता ऐकता स्वतःही थोडी रेडिओ लहर बाहेर सोडत असतात. ती फार दुबळी असते, पण नेमक्या ठरावीक फ्रीक्वेन्सीवर असते आणि ती फ्रीक्वेन्सी कागदावर आधीच काढता येते. हा सगळा खेळ त्या आकड्याचा आहे. आधी आकडा, मग यंत्र. उलटं केलंत तर स्क्रीनवर शेकडो रेषा दिसतील आणि प्रत्येक रेषा लपवलेला रेडिओच वाटेल.

गळतं नेमकं काय

आपल्या घरातले जुने डायलचे एफएम आणि मीडियम वेव्ह संच सुपरहेटरोडाइन जातीचे असतात. ही रचना एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ साली मांडली. यात संच स्वतःच्या पोटात एक लहर तयार करतो. ती तयार करणारा भाग म्हणजे लोकल ऑसिलेटर. बाहेरून आलेला सिग्नल आणि ही लहर एकत्र मिसळली की दोघांच्या फरकाची एक ठरलेली फ्रीक्वेन्सी निघते आणि पुढचं सगळं काम तिच्यावर होतं. एफएम संचात हा फरक १०.७ मेगाहर्ट्झ, मीडियम वेव्हमध्ये ४५५ किलोहर्ट्झ. केंद्र बदललं तरी फरक तोच ठेवायचा म्हणून ऑसिलेटर डायलबरोबर सरकत राहतो.

ऑसिलेटरची लहर आत राहायला हवी, पण अँटेनाकडे जाणारी वाट पूर्ण बंद नसते. थोडी लहर उलट्या दिशेने अँटेनावर जाते, थोडी सर्किट बोर्डावरून सुटते, थोडी इअरफोनच्या तारेवरून आणि विजेवर चालणारा संच असेल तर प्लगच्या वायरवरून घरभर पसरते. अँटेना आणि मिक्सर (दोन्ही लहरी मिसळणारा भाग) यांच्यामध्ये ॲम्प्लिफायरचा टप्पा असेल तर गळती कमी होते. स्वस्तातल्या संचात तो टप्पा हलका असतो किंवा नसतोच, त्यामुळे स्वस्त संच जास्त बोलका.

ही गोष्ट आजची नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांवर मेटॉक्स नावाचा, रडारची चाहूल घेणारा रिसीव्हर असे. १९४३ मध्ये जर्मनांची खात्री पटली की मेटॉक्सच्या गळतीवरूनच विमानं पाणबुड्या शोधतायत आणि त्यांनी तो बंद करायला लावला. गळती खरी होती, पण विमानं वापरत होती वेगळंच: मेटॉक्सला ऐकूच येत नसलेलं सेंटिमीटर लहरींचं रडार. खरी गळती सापडली म्हणजे खरं कारण सापडलं असं नसतं, हे या प्रकरणातून घ्यावं. शीतयुद्धात ब्रिटनच्या एमआय-५ या गुप्तचर संस्थेने हेच तंत्र ‘राफ्टर’ या नावाने सोव्हिएत हेरांचे रिसीव्हर शोधायला वापरलं. लायसन न काढता टीव्ही पाहणाऱ्यांना गाठायला ब्रिटनमध्ये १९५२ पासून व्हॅन फिरू लागल्या, त्यांचं मूळ सूत्रही टीव्ही संचातून सुटणाऱ्या लहरी पकडणं हेच.

पहिली पायरी: कागदावर आकडे

गोव्यात ऐकू येणारी केंद्रं घ्या आणि प्रत्येकात १०.७ मिळवा. ९१.९ चं केंद्र ऐकणारा संच १०२.६ वर गळतो. ९२.७ ऐकणारा १०३.४ वर. ९८.३ ऐकणारा १०९.० वर. आकाशवाणीचं १०५.४ लावलेला संच ११६.१ वर. मीडियम वेव्हवर पणजी आकाशवाणीचे १२८७ किलोहर्ट्झ, त्यात ४५५ मिळवले की १७४२.

यातले पहिले दोन आकडे एफएम पट्ट्यातच पडतात, म्हणजे दुसऱ्या साध्या रेडिओवरही सापडतात. शेवटचे दोन एफएम आकडे १०८ च्या वर, विमानांना दिशा दाखवणाऱ्या यंत्रणांच्या पट्ट्यात जातात. विमानात एफएम रेडिओ लावू देत नाहीत, त्यामागे हेच कारण होतं.

काही संचांत ऑसिलेटर केंद्राच्या वर न ठेवता खाली ठेवलेला असतो. म्हणून प्रत्येक केंद्रासमोर वजाबाकीचाही आकडा लिहून ठेवा. ९८.३ साठी तो ८७.६.

दुसरी पायरी: पैसे न खर्चता खात्री

काही विकत घेण्याआधी दोन रेडिओ घ्या. एक काट्याचा, जुन्या पद्धतीचा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात असे अजून मिळतात. दुसरा कुठलाही, पण त्याचे आकडे स्क्रीनवर दिसणारा असला तर सोयीचं. दुसरा १०२.६ वर लावा. तिथे एखादं केंद्र येत असेल तर हा प्रयोग ९२.७ आणि १०३.४ या जोडीवर करा. रिकाम्या जागी नेहमीची खरखर ऐकू येईल. आता काट्याचा रेडिओ वीतभर अंतरावर ठेवून सुरू करा आणि ९१.९ च्या आसपास अगदी हळू फिरवा. एका जागी दुसऱ्या रेडिओची खरखर एकदम बसते आणि शांतता येते. ही शांतता म्हणजे पहिल्या रेडिओचा ऑसिलेटर: त्यावर कुठलाही आवाज चढवलेला नाही, म्हणून ऐकू काहीच येत नाही, पण तो खरखरीला दाबून टाकतो. पहिला रेडिओ बंद करा, खरखर परत येईल.

मीडियम वेव्हवर परिणाम जास्त मजेशीर आहे. एक रेडिओ पणजीच्या १२८७ वर लावा. दुसरा त्याला चिकटून ठेवा आणि ८३२ च्या आसपास फिरवा, कारण ८३२ अधिक ४५५ म्हणजे १२८७. केंद्राच्या आवाजावर शिट्टी चढेल. काटा सरकवाल तशी ती वरून खाली येत येत नाहीशी होईल आणि पलीकडे पुन्हा वर चढेल. दोन्ही संचांच्या आतल्या फेराइट कांड्या समांतर असतील तेव्हा शिट्टी सगळ्यात जोरात येते. एक संच काटकोनात वळवला की ती मंदावते. डायलवरचे आकडे या संचांत तंतोतंत नसतात, तेव्हा ८०० ते ८६० असा सगळा भाग चाळा.

हा प्रयोग जमल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऑसिलेटर कानाने ओळखता आला की स्क्रीनवरची रेषा समजायला सोपी जाते.

किती दुबळी असते ही गळती

अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेचा घरगुती उपकरणांसाठीचा नियम बघितला की अंदाज येतो: ८८ ते २१६ मेगाहर्ट्झच्या दरम्यान ३ मीटरवर १५० मायक्रोव्होल्ट प्रति मीटरपेक्षा जास्त गळती चालत नाही. हिशेब केला तर ही साधारण ७ नॅनोवॅट शक्ती होते. मोबाइल फोन ४जी वर जास्तीत जास्त २०० मिलिवॅट सोडतो, म्हणजे सुमारे तीन कोटी पट. आणि ७ नॅनोवॅट ही वरची मर्यादा आहे. नीट बनवलेला संच त्याहून बराच कमी गळतो.

तरीही हे हाताबाहेरचं नाही. मोकळ्या जागेत १०० मीटरवर हा सिग्नल उणे १०५ डीबीएमच्या आसपास उरतो (डीबीएम म्हणजे एक मिलिवॅटच्या तुलनेत शक्ती; दर उणे १० ला ती दहापट कमी). तुमच्या रिसीव्हरने अगदी अरुंद पट्टी ऐकली, काही शे हर्ट्झ, तर वस्तीतल्या नेहमीच्या गोंगाटातही तो वर डोकं काढू शकतो. पट्टी दहापट अरुंद केली की गोंगाट १० डीबीने उतरतो. ऑसिलेटर एकाच फ्रीक्वेन्सीवर उभा असतो म्हणून त्याला याचा पुरा फायदा मिळतो. गाणी वाजवणाऱ्या रुंद केंद्राला मिळत नाही.

चिऱ्याची भिंत मध्ये आली की हिशेब बदलतो. पावसाळ्यात भिजलेला चिरा तर आणखी खातो. मंगळुरी कौलांचं छप्पर लहरींना जवळजवळ मोकळं असतं, पत्र्याचं छप्पर आरसा असतं. म्हणून जुन्या कौलारू घरातली गळती वरच्या बाजूने, टेकडीवरून, चांगली मिळते. प्रत्यक्षात एका घराच्या हद्दीत हे काम नीट जमतं, शेजारच्या घरापर्यंत कधीमधी. रस्त्यावरून गाडी हाकत वाड्यावरचे सगळे रेडिओ मोजण्याच्या गोष्टी आजच्या संचांबाबत विसरा.

तिसरी पायरी: सामान

आरटीएल-एसडीआर नावाचा यूएसबी डोंगल पुरतो. तो टीव्ही बघण्यासाठी निघाला होता. आता हौशी लोक त्यावर सुमारे २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ ऐकतात. तापमानाने न सरकणारा क्रिस्टल असलेला घ्या. साध्या डोंगलमध्ये ५० पीपीएमची (दहा लाखांत ५० भागांची) चूक असू शकते, म्हणजे १०९ मेगाहर्ट्झवर साडेपाच किलोहर्ट्झ. लॅपटॉपवर एसडीआर प्लस प्लस किंवा जीक्यूआरएक्स, दोन्ही फुकट आहेत. डोंगल लॅपटॉपला थेट खोचू नका. मीटर-दीड मीटरची यूएसबी वायर मध्ये घाला आणि तिच्यावर फेराइटचे मणी चढवा, नाहीतर लॅपटॉपचाच गोंगाट ऐकत बसाल.

अँटेना दोन लागतील. पहिला डायपोल: १०९ मेगाहर्ट्झसाठी प्रत्येक दांडी ६५ सेंटिमीटर, एकूण १३० च्या आसपास. जुन्या छत्रीच्या काड्या किंवा टीव्हीच्या ताणायच्या दांड्या चालतात. दुसरा, अगदी जवळून शोधायला, सुपारीएवढा लूप: कोॲक्सियल केबलचं टोक सोलून मधली तार गोल वळवायची आणि बाहेरच्या जाळीला डाखायची, वर चिकटपट्टी गुंडाळायची. हा लूप लांबचं काही ऐकत नाही, तेच त्याचं काम.

जवळ एफएमचा मोठा ट्रान्समीटर असेल, पणजी-बांबोळी भागात हा त्रास जास्त, तर डोंगल गुदमरतो आणि नसलेल्या रेषा दाखवू लागतो. बाजारात एफएम अडवणारे फिल्टर मिळतात. १०९ आणि ११६ वर शोधताना ते उपयोगी पडतात, पण १०२.६ वर शोधायचं असेल तर फिल्टर काढावाच लागेल, कारण तो तुमचं सावजही अडवतो.

चौथी पायरी: ओळखीचा संच स्क्रीनवर

तोच काट्याचा रेडिओ ९८.३ वर लावून दोन-तीन मीटरवर ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये आपोआप बदलणारा गेन (सिग्नल किती पट मोठा करायचा ते) बंद करा आणि तो हाताने मध्यावर ठेवा. मध्यबिंदू १०९.० च्या थोडा बाजूला घ्या, कारण या डोंगलना पडद्याच्या बरोबर मध्यात स्वतःची एक खोटी रेषा दिसू शकते. एफएफटीचा, म्हणजे पट्ट्याचे बारीक खाने पाडणाऱ्या गणिताचा, आकार १६,३८४ ठेवा. सेकंदाला २४ लाख नमुन्यांवर एक खाना सुमारे १५० हर्ट्झचा होतो. याहून बारीक करायचा मोह होतो, पण स्वस्त संचाचा ऑसिलेटर इतका डुलतो की अति अरुंद खान्यात तो पुसट होतो.

आता वॉटरफॉलकडे, म्हणजे वेळेबरोबर खाली सरकत जाणाऱ्या चित्राकडे, बघा. एक बारीक, किंचित वाकडी रेषा खाली उतरताना दिसेल. रेडिओ बंद-चालू करा: रेषा जाते, येते, आणि चालू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत एका बाजूला वळत वळत स्थिरावते. ट्रान्झिस्टर तापतो तसा ऑसिलेटर सरकतो, त्याचं हे वळण. अँटेनाच्या दांडीजवळ हात न्या, रेषा हलेल. डब्यावर टिचकी मारा, रेषा थरथरेल. आवाज मोठा केला तर काही संचांत स्पीकरच्या धक्क्याने कॉइल हलते आणि रेषेच्या कडा गाण्याच्या ठेक्यावर फुगतात. ही चारही लक्षणं मनात पक्की बसू द्या. मोबाइलच्या चार्जरची किंवा एलईडी दिव्याची रेषा टिचकीला दाद देत नाही.

पाचवी पायरी: घराची कोरी पाटी

शोध घ्यायच्या जागी आधी सगळे ओळखीचे रेडिओ बंद करून ८७ ते ११९ हा पट्टा नोंदवून ठेवा. दिसणाऱ्या प्रत्येक ठळक रेषेचा आकडा वहीत लिहा. मग अँटेना काढा. अँटेना काढूनही जी रेषा राहते ती डोंगलची किंवा लॅपटॉपची. ११५.२ वर रेषा हमखास दिसते, कारण डोंगलचा क्रिस्टल २८.८ मेगाहर्ट्झचा आहे आणि त्याची चौपट ११५.२. हिला लपवलेला रेडिओ समजणारे बरेच भेटतात.

दाबोळी आणि मोपा या विमानतळांमुळे उत्तरेला आणि दक्षिणेला १०८ ते ११८ मध्ये दिशादर्शक सिग्नल दिसू शकतात. ते ओळखायला सोपे: मधली रेषा अढळ, आणि दोन्ही बाजूंना सुमारे १० किलोहर्ट्झवर जुळे पट्टे. एएमवर ऐकलं तर मोर्समधली ओळख टुक-टुक वाजते.

आणि वीज जायची वाट बघा. हे विनोदाने म्हणत नाही. लाइट गेली की वाड्यावरचे चार्जर, इन्व्हर्टर नसलेल्या घरांतले दिवे, राउटर, टीव्हीचे सेट-टॉप बॉक्स एकदम गप्प होतात आणि गोंगाटाची पातळी डोळ्यांदेखत खाली बसते. लॅपटॉप बॅटरीवर आणि शोधायचा संचही बॅटरीवर असेल, तर हा अर्धा तास इतर दिवसभरापेक्षा मोलाचा. वीज खात्याच्या कृपेची वाट बघायची नसेल तर घराचा मेन स्विच पाडा. निदान स्वतःच्या घराचा गोंगाट जातो.

सहावी पायरी: संशयित रेषेची उलटतपासणी

कोऱ्या पाटीत नसलेली रेषा दिसली की तिच्यातून १०.७ वजा करा. उत्तर एखाद्या केंद्राच्या आकड्याच्या दहा-वीस किलोहर्ट्झच्या आत आलं तर पुढे जायला हरकत नाही. येत नसेल तर १०.७ मिळवून बघा. दोन्हीकडे केंद्र नसेल तर बहुधा तो रेडिओ नाही.

मग वेळ बघा. माणसं बातम्यांना रेडिओ लावतात आणि बातम्या संपल्या की बंद करतात किंवा केंद्र बदलतात. ११६.१ ची रेषा बातम्यांच्या सुरुवातीला उगवली आणि नंतर एका झटक्यात १०९.० वर गेली, तर याहून चांगला पुरावा नाही: चार्जर कधी आकाशवाणीवरून दुसऱ्या केंद्रावर जात नाही. म्हणून वॉटरफॉल एका सायंकाळपुरता रेकॉर्ड करून ठेवणं हे तासन्तास टक लावून बसण्यापेक्षा बरं.

राफ्टरसारख्या कामात स्वतः सिग्नल पाठवून संच कसा प्रतिसाद देतो ते बघण्याचाही मार्ग असतो. तो आपल्यासाठी नाही. भारतात परवान्याशिवाय प्रक्षेपण करणं गुन्हा आहे, आणि आपण ज्या पट्ट्यात काम करतोय तो विमानांच्या शेजारचा आहे. आपण फक्त ऐकायचं. शिवाय शेजारी काय ऐकतो हे त्याला न विचारता शोधत बसणं कायद्याच्या भानगडीत नाही पडलं तरी माणुसकीच्या भानगडीत नक्की पडतं. स्वतःचं घर, शाळेची प्रयोगशाळा, परवानगी घेतलेली जागा, एवढंच.

सातवी पायरी: जागा काढणं

दिशा घेण्याच्या आमिषाने लोक घरात डायपोल फिरवत बसतात आणि दर पावलाला वेगळं उत्तर मिळतं. १०९ मेगाहर्ट्झची लहर पावणेतीन मीटर लांब आहे. घरात ती भिंतींवरून परतते आणि सव्वा-दीड मीटरच्या अंतराने उंचवटे आणि खड्डे तयार करते. रेडिओ समोरच्या खोलीत असून तुम्ही खड्ड्यात उभे असाल तर काहीच दिसत नाही. म्हणून एका जागेचा आकडा खरा मानू नका. प्रत्येक खोलीत अँटेना हातभर इकडे-तिकडे हलवत सगळ्यात मोठा आकडा टिपा आणि तो खोलीच्या नावासमोर लिहा.

सगळ्यात जोरदार खोली ठरली की गेन कमी करा. लागेल तितका कमी करा, रेषा जेमतेम दिसेल इतका, आणि पुन्हा फिरा. बहुतेकांचं इथेच बिनसतं: गेन पूर्ण ठेवला की खोलीभर रेषा सारखीच जाड दिसते. अंगाचा आडोसाही कामी येतो. अँटेना छातीशी धरून स्वतःभोवती वळा. रेडिओ पाठीमागे आला की रेषा मंदावते.

शेवटी डायपोल काढून लूप लावा आणि कपाटाच्या फळ्या, पडवीतली अडगळ, भिंतीतल्या पेट्या, सोफ्याच्या पाठी यांवरून हाताच्या अंतरावर सरकवत न्या. संच विजेवर चालत असेल तर लूप आधी स्विचबोर्डावर आणि वायरवर रेषा दाखवेल. वायर पकडून दोन्ही दिशांना थोडं सरका आणि जिकडे वाढेल तिकडे जा. वायरच तुम्हाला संचापर्यंत नेते. जिथे रेषा एकदम उसळते आणि लूप फिरवला की पडते, तिथे हात घाला.

घंटीचा रिसीव्हर, एक वेगळी जात

फ्लॅटच्या दारावरची बिनतारी घंटी, गेटचा रिमोट, स्वस्त पंख्याचे रिमोट यांतला रिसीव्हर बऱ्याचदा सुपरहेटरोडाइन नसतो. तो सुपररीजनरेटिव्ह असतो. आर्मस्ट्राँग यांचीच ही १९२२ ची रचना, आणि गळतीच्या बाबतीत सगळ्यात निर्लज्ज. ती ऐकते त्याच फ्रीक्वेन्सीवर गळते, आपल्याकडे बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि दिवसरात्र, कुणी घंटी दाबो न दाबो.

स्क्रीनवर तिची रेषा नसते, टेकाड असतं: शेकडो किलोहर्ट्झ रुंद फुगवटा आणि त्यावर सारख्या अंतराने दात. हे दात रिसीव्हर स्वतःला सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो त्याचे. घंटीच्या डब्याजवळ हात नेला की टेकाड सरकतं. बटण दाबलं की टेकाडाचा आकार क्षणभर बदलतो, कारण आलेला सिग्नल त्या डुलणाऱ्या ऑसिलेटरला स्वतःच्या तालावर ओढतो. पहिल्यांदा गळती बघायची असेल तर मी म्हणेन रेडिओ सोडा, घंटीच बघा. ४३२.० वर डोंगलच्या क्रिस्टलची पंधरापट रेषा येते, तिचा मात्र विचार करू नका.

कुठे हात टेकावे लागतात

आजचे मोबाइलमधले आणि चिनी डिजिटल रेडिओतले एफएम चिप १०.७ वापरतच नाहीत. टीईए ५७६७ या जुन्या चिपमध्ये फरक फक्त २२५ किलोहर्ट्झ आहे आणि मूळ ऑसिलेटर दुप्पट फ्रीक्वेन्सीवर चालतो. म्हणजे ९८.३ ऐकताना मिक्सरची लहर केंद्राच्या स्वतःच्या आवाजाखाली जवळपास बुडते. शोधायचंच तर १९६ ते १९७ मेगाहर्ट्झच्या दरम्यान लूपने, आणि तेही हातभर अंतरावरून. अलीकडच्या चिपमध्ये मूळ ऑसिलेटर गिगाहर्ट्झमध्ये असतो आणि सगळं एका कणाएवढ्या सिलिकॉनवर, त्यामुळे बाहेर जवळजवळ काहीच येत नाही. त्याऐवजी त्यांच्या डिजिटल स्क्रीनचा आणि क्रिस्टलचा गोंगाट कधीकधी सापडतो.

क्रिस्टल सेट, ज्यात फक्त कॉइल, डायोड आणि इअरफोन, तो काहीच सोडत नाही. ऑसिलेटरच नाही तर गळणार काय. सरळ ॲम्प्लिफायर जातीचे ट्यून्ड संचही तसेच गप्प.

छुप्या कॅमेऱ्याची भीती असेल, भाड्याच्या खोल्यांत उतरणारे पर्यटक आजकाल हेच विचारतात, तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. वाय-फायवर चालणारा कॅमेरा सरळ प्रक्षेपण करतो, त्याला शोधायला इतकी खटपट नको. मेमरी कार्डावर साठवणारा कॅमेरा काहीच प्रक्षेपित करत नाही म्हणून भिंग चमकतं का ते टॉर्चने बघावं.

परीक्षेत कानात घालायचे बारीक मणी हा आणखी एक प्रकार. त्यात रेडिओ रिसीव्हर नसतोच. गळ्यातल्या तारेच्या वेटोळ्यातून आवाजाचंच चुंबकीय क्षेत्र निघतं आणि मणी ते पकडतो. ऑसिलेटर शोधून तो कधीच मिळणार नाही. पण वेटोळं मात्र बोलतं: शंभर-दोनशे वेढ्यांची छोटी कॉइल साध्या ऑडिओ ॲम्प्लिफायरला आणि हेडफोनला जोडून बाकांमधून फिरा, हातभर अंतरावर आल्यावर उत्तर सांगणाऱ्याचा आवाज तुमच्याही कानात येईल. घरात सराव करायचा असेल तर हीच कॉइल जुन्या स्पीकरजवळ नेऊन बघा, आणि पंख्याच्या रेग्युलेटरपासून लांब राहा, कारण तिथली ५० हर्ट्झची घरघर सगळं झाकून टाकते.